तुम्ही विचारलंत म्हणून: नाईटला सुटतात किती?

मी दशावतारी नट, कोकणात रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यातला. तुळशीचं लग्न जवळ आलं, आमचा सीझन तोंडावर आला, की कुडाळच्या बाजारात दोन प्रश्न ठरलेले. 'नाईटला सुटतात किती?' आणि आकडा ऐकल्यावर, 'मग अजून जातोस कशाक?'

माझी नाईट, म्हणजे एका रात्रीच्या खेळाचे पैसे, ८०० रुपये. दशावताराला तिकीट नसतं. जत्रेत गाव, एरवी नवस फेडणारा यजमान कंपनीला ठरलेली रक्कम देतो. त्यातून मालकांनी गाडीचं डिझेल, पेटी-पखवाज-झांजवाले आणि आम्हाला भागवायचं. शालू, केसांचा टोप, रंग माझ्या खिशातून. पावसाळ्यात कमाई शून्य. परवडत नाही हे मला तुमच्याआधी कळलंय, कृपा करून समजावू नका.

एका जत्रेत मी तारामती होतो. पहाटेचे तीन. पुढ्यातच चटईवर मफलर गुंडाळून पतपेढीचा वसुलीवाला बसलेला. माझे दोन हप्ते थकलेले. आमच्याकडे संवाद लिहिलेले नसतात. रोहिदासाला मांडीवर घेतलं, हरिश्चंद्र मसणाचा कर मागत उभा, आणि तोंडून गेलं, "दमडी नाही रे बाळा, आणि मागणारा समोरून हलत नाही." नजर त्या मफलरकडे. हे वाक्य आधी कधी आलं नव्हतं. पखवाजवाल्याचा हातही क्षणभर थांबला. वसुलीवाल्याने मफलरने डोळे पुसले, उठून आला आणि ५०० रुपये बक्षीस दिलं. माईकवर पुकारलं. मी पदर सावरून नमस्कार केला.

सकाळी दहाला तो दारात. माझ्या डोळ्यांतलं काजळही निघालं नव्हतं.
"रात्रीचा रात्री. हप्तो खंय?"
तीच नोट त्याच्या हातावर ठेवली. त्याने पावती फाडली, गाडीला किक मारली आणि वळून म्हणाला, "पण रडयलंस मात्र!"

बायको दोन दिवस बोलली नाही. तिचं बरोबर होतं. पण त्या 'रडयलंस'ने मला आठवडाभर झोप आली नाही, हेही खरं. विशीत मी म्हणायचो, कलेला पैशात मोजू नये. त्या पोराला आज थोबाडावंसं वाटतं. तेव्हा घरखर्च बाबा बघायचे. २०२० च्या मार्चात भर सीझनला पेटारे बंद झाले, तेव्हा वाटलं, बरं झालं, परस्पर सुटलो. मग रात्री तीनला जाग येऊ लागली. ती सवय असेल, प्रेमच असेल असं नाही.

यंदा मालकांना नाही म्हणणार आहे. अजून फोन केलेला नाही. टोप तेवढा उन्हात टाकलाय, कसर लागू नये म्हणून.