पाऊण इंची माणसांची वस्ती

टेबलावर मांडलेली छोटी मॉडेल रेल्वे बघायला आलेला माणूस इंजिनाची चौकशी करतो. रुळांकडेच्या घरांबद्दल फारसं कुणी विचारत नाही. खरं तर इंजिन विकत मिळतं, कस लागतो तो गाव वसवताना.

एचओ हे मॉडेल रेल्वेचं एक माप, म्हणजे १:८७ हे प्रमाण; खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग. यात माणूस दोन सेंटिमीटरचा, म्हणजे पाऊण इंची. सात फुटी दार अडीच सेंटिमीटरचं आणि नऊ इंची भिंत जेमतेम अडीच मिलिमीटर जाड. वीट तर मिलिमीटरभरही जाड नाही. ती एकेक करून कोण रचणार? त्यासाठी छापील कागद किंवा विटांचा उठाव असलेला प्लॅस्टिकचा पत्रा वापरायचा.

आता गंमत अशी, की सगळं काटेकोर मापात केलं तर गाव उभंच राहत नाही. दोनशे मीटरची खरी इमारत या प्रमाणातही सव्वादोन मीटरची होते. ती एकटीच टेबल खाऊन टाकते. मग खिडक्यांच्या बारा कमानींच्या सात करायच्या, मजला गाळायचा. दाराला मात्र हात लावायचा नाही, कारण शेजारी माणूस उभा असतो आणि तो चुगली करतो. मागच्या रांगेतली घरं तर निव्वळ दर्शनी भिंती, मागच्या देखाव्याच्या पडद्याला चिकटवलेल्या. काहीजण तिथे आणखी लहान, १:१६० ची, एन मापाची घरं लावतात, म्हणजे ती लांबची वाटतात. ही लबाडी मला फार आवडते.

पितळ उघडं पडतं ते कडांना. पुठ्ठा कापला की कड पांढरी दिसते; रंगीत पेन्सिल फिरवली की ती बुजते. कोपऱ्यात भिंती ४५ अंशांत तासून जोडाव्या लागतात, नाहीतर विटांच्या ओळी तिथे तुटतात. आतून काळा रंग दिला नाही, तर दिवा लागताच भिंतींतून उजेड झिरपतो आणि अख्खं घर कंदिलासारखं उजळतं. आणि पायाशी फट राहिली, तर घर बांधलेलं नव्हे, नुसतं आणून ठेवलेलं दिसतं. तिथे माती, गवत, एखादं झुडूप हवंच.

काजळी, डाग, गंज यांत पुष्कळांचा हात सैल सुटतो. मग गावात पूर येऊन गेला की काय, अशी शंका येते. खडूची भुकटी, मऊ ब्रश, बस.

छप्पर तेवढं चिकटवू नये. दिव्याची वायर सुटते ती हमखास कुणी बघायला आलं असतानाच.