चमक आली, पाणी उतरलं

‘‘चकाचक झालाय हो दादा, पण धारच टिकत नाही. एका दाढीत बोथट.’’ असं म्हणत एका तरुणाने आजोबांच्या धोपटीतले दोन वस्तरे टेबलावर ठेवले. दोन्ही जर्मनीतल्या झोलिंगनचे, पाच सुती, म्हणजे पातं साधारण १६ मि.मी. रुंद, आणि दोन्ही बाजूंनी खोल पोखरलेलं. एक गंजलेला होता. दुसरा फॅब्रिकेशनच्या दुकानात बेंच ग्राइंडरवर ८ इंची कापडी बफ, म्हणजे चमक आणायचं कापडाचं चाक, चढवून घासून आणलेला. गंजलेलाही तसाच चमकवून हवा होता.

चमकलेल्यावर शेपटीजवळचा, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या टोकाजवळचा, कंपनीचा छाप जवळजवळ पुसला गेला होता. गंजाच्या प्रत्येक खड्ड्यामागे एकाच दिशेला ओढलेली बारीक रेघ होती. खड्डे पॉलिश कागदाने न काढता थेट बफला लावले की हेच होतं. खड्डा जात नाही, त्याची कड गोल होते आणि शेपूट फुटतं. पण ग्राहकाची तक्रार वेगळी होती, आणि तिचं उत्तर डोळ्यांना दिसत नव्हतं. नवी बारीक कानस धारेवर हलकेच टेकवली. खांद्याकडे, म्हणजे मुठीच्या बाजूला, पोलाद कडक, तिथे ती नुसती घसरत होती. टोकाकडच्या दोन सेंटिमीटरात मात्र चावली. तेवढ्या भागाचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं होतं.

वस्तऱ्याचं साधं कार्बन पोलाद कडक केल्यावर ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा तापवून उतरवलेलं असतं. २२०-२३० अंशांना ते पिवळसर दिसतं, ३०० च्या जवळ निळं. पोखरलेल्या पात्याची धारेजवळची जाडी मि.मी.च्या एखाद-दोन दशांशांइतकी, त्यात टोकाच्या कोपऱ्यातून उष्णता पळून जायला वाटच नाही. दोन-तीन सेकंद दाब पडला की निळेपणा येतो आणि पुढच्या हातात हिरवा लस्टर, म्हणजे बफला लावायचा पॉलिशचा मसाला, तो पुसूनही टाकतो. रंग गेला तरी पोलाद मऊच राहतं.

ग्राइंडरने बफिंग होत नाही असं नाही. त्याचा वेग मात्र बफच्या मापाने आवरावा लागतो. मोटरच्या पाटीवर मिनिटाला २८५० फेरे असतील तर ८ इंची बफची कड सेकंदाला ३० मीटर धावते, ६ इंचीची साडेबावीस, ४ इंचीची १५. वस्तऱ्याला मी ४ इंचीच्या वर जात नाही. चार पोलची, १४२५ फेऱ्यांची मोटर मिळाली तर त्याच बफचा वेग साडेसातवर येतो, ते सर्वांत उत्तम. फॅनचा रेग्युलेटर लावून वेग कमी करायचा उद्योग काही जण करतात. ग्राइंडरची इंडक्शन मोटर तशी ऐकत नाही. तिची ताकद जाते, ती तापते आणि दाब दिला की अडते.

४ इंची बफची दुसरी अडचण म्हणजे मोटरचं अंगच जवळजवळ तेवढं जाड असतं, त्यामुळे पात्याचं टोक त्यावर आपटतं. म्हणून दांडा पुढे काढणारा जोड बसवावा लागतो. तो चार इंचांपेक्षा लांब नको, नाहीतर बफ लचकतो आणि बेअरिंग मार खातं. डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, जोड घेताना बाजू सांगून घ्यावा. आणि दुसऱ्या बाजूचा दगड काढून ठेवायचा. त्याचे कण उडून बफमध्ये बसतात, मग ‘लस्टर चांगला आहे तरी ओरखडे का’ म्हणून माणूस लस्टर बदलत बसतो. शिवाय ठिणगी कापसाच्या भुशात पडली की बफ धुमसतो.

गंजलेल्या वस्तऱ्याची मूठ आधी काढली. ती सेल्युलॉइडची होती, कासवाच्या पाठीच्या नक्षीची. सेल्युलॉइड चटकन पेट घेतं, त्याला बफजवळ आणायचंच नाही. पितळी खिळ्याचं डोकं कानशीने उडवलं आणि खिळा मागून ठोकून काढला. मूठ काढायची ती बफसाठीही. पातं खिळ्याभोवती फिरतं राहिलं तर ते कधी बोटांवर येईल याचा नेम नाही.

गंज हातानेच काढायचा. धार आधी काचेच्या कडेवर मारून टाकली, मग पातं लाकडी पट्टीवर ठेवून वॉटर पेपर २२०, ४००, ६००, १०००, प्रत्येक वेळी दिशा बदलून. बराचसा वेळ इथेच जातो. छापावर कागद फिरवलाच नाही, तिथे लाकडी काडीला मसाला लावून काम केलं. मोठ्या कामाला मी सरस पातळ करून, त्यावर २४० नंबरची एमरी, म्हणजे घासायची पूड, चढवलेला, रात्रभर वाळवलेला बफ वापरतो. इथे गरज पडली नाही.

बफसमोर पातं नेहमी पाठ वर, धार खाली. चाक समोरून खाली उतरतं, म्हणजे कापड पाठीकडून येऊन धारेवरून निसटलं पाहिजे. टेकवायचं चाकाच्या मध्याच्या जरा खाली. धार उलट आली की बफ पातं हिसकावतो, ते जमिनीवर आपटून परत उडतं. म्हणून खाली जुनी गोधडी अंथरलेली असते. चष्मा हवाच. हातमोजे मात्र नकोत. चाकात अडकतात हे एक, आणि उघडं बोट पात्यामागे, बफच्या बरोबर पलीकडे असलं की तापणं लगेच कळतं. बोटाला सोसेना की पाण्यात. मी तेवढीही वाट पाहत नाही, एकदा फिरवलं की बुडवलं. टोकाला सर्वांत कमी वेळ आणि तोही जाता जाता.

तपकिरी लस्टर, मग वेगळ्या बफवर हिरवा. एका बफवर दोन लस्टर कधीच नाही. शेवटी रॉकेलने धुऊन, पुसून, खिळ्याच्या भोकात मशीन ऑइलचा थेंब. उरलेलं काम धार निसण्याचं.

आधीच चमकवून आणलेल्या वस्तऱ्याचं काय? मऊ कड ३ मि.मी. घासून काढली असती तर पातं १६ चं १३ झालं असतं. साडेचार मि.मी. जाडीची पाठ दगडावर टेकवून लावली जाणारी धार १६ अंशांवरून साडेएकोणीसवर जाते. दाढीला ती ओढणार. म्हणून रुंदीऐवजी लांबी कमी केली. टोकाकडचा भाग दोन मि.मी. राखून पातळ चकतीने कापला आणि उरलेलं ओल्या दगडावर हाताने मागे आणून कोपरा गोल केला. ७५ मि.मी.चं पातं ५३ चं झालं. कानस आता कुठेच चावत नाही. कल्ले आणि मानेची रेघ काढायला तेवढं पुरतं.