कूलरच्या झिणझिण्या आणि बेडरूमचा पंखा

आमच्याकडे कूलरमध्ये पाणी भरायचं तर आधी पायात रबरी चप्पल घालायची हा नियम मी लग्न होऊन आले तेव्हापासूनचा आहे, म्हणजे झाली चौदा वर्षं. लोखंडी बॉडीला हात लागला की बोटांत झिणझिण्या येतात आणि सासूबाई म्हणायच्या, "उन्हाळ्यात होते तसं, कूलर आहे तो." मलाही ते पटलेलं, खोटं कशाला बोलू.

2024 च्या मे महिन्यात अकोल्यात पारा 45 च्या वर गेलेला, उन्हापायी जमावबंदीचं कलम 144 लावलं होतं तेव्हाची गोष्ट. बिल आलं 527 युनिटचं. मला वाटलं मीटर पळतंय किंवा कुठेतरी लीकेज आहे, कूलर शॉक देतो म्हणजे तिकडूनच युनिट जात असणार असा माझा हिशोब, म्हणून ओळखीच्या वायरमन भाऊंना बोलावलं. बोलावलं बिलासाठी हं, शॉकसाठी नाही.

त्यांनी आधी घरातले सगळे एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातले आपोआप पडणारे स्विच, पाडले आणि मला मीटरसमोर उभं केलं. लाल दिवा लुकलुकतो ना, तो थांबला की घरात काही चालू नाही असं समजायचं. थांबला. मग एकेक एमसीबी वर केला. बेडरूमचा केला की मीटरवरचा दुसरा एक छोटा लाल दिवा लागला, अर्थ लीकेजचा, म्हणजे करंट जमिनीत जातोय असं सांगणारा. तो दिवा आमच्याकडे कायमच लागलेला असायचा, मला वाटायचं मीटर चालू असल्याची खूण आहे ती!

भाऊ म्हणाले, "ताई, मीटर नाही पळून राह्यलं. पण हे काहीतरी भलतंच आहे."

मग त्यांनी मल्टिमीटर काढलं, एक टोक कूलरच्या बॉडीला आणि दुसरं ओल्या जमिनीत खुपसलेल्या सळईला. 38 व्होल्ट. बेडरूमचा पंखा बंद करायला सांगितला, आकडा जवळपास शून्य. परत चालू, परत 38. कूलर हॉलच्या खिडकीत आणि पंखा आत बेडरूममध्ये, दोघांचा संबंध काय हे माझ्या डोक्यातच शिरेना.

बोर्ड उघडल्यावर कळलं. कधीतरी बेडरूमचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, भिंतीतल्या पाइपात तुटला असणार, तेव्हा कोणा शहाण्याने नवीन वायर ओढायचा कंटाळा करून अर्थिंगच्या वायरलाच न्यूट्रल जोडून टाकलेला. म्हणजे पंख्यातून परत येणारा करंट अर्थिंगच्या वायरने जमिनीत जात होता, आणि तीच वायर कूलर, फ्रिज, वॉशिंग मशीन सगळ्यांच्या बॉडीला जोडलेली. खड्डा ओला असता तर कदाचित जाणवलंही नसतं, पण पार्किंगला फरशी बसवली तेव्हा अर्थिंगचा खड्डा फरशीखाली गेला आणि कित्येक वर्षं त्यात पाणीच पडलं नव्हतं. कोरड्या मातीत करंट नीट उतरत नाही, मग तो व्होल्टेज होऊन बॉडीवर बसतो. भाऊंनी अर्थिंगच्या पाइपच्या तोंडात दोन बादल्या पाणी ओतून दाखवलं, थोड्या वेळाने 38 चे 15 झाले. म्हणून पावसाळ्यात फ्रिज चावत नव्हता! आणि बेडरूमचा पंखा उन्हाळ्यात हळू फिरतो म्हणून आम्ही दोनदा कंडेन्सर बदललेला.

पाणी ओतणं हा काही इलाज नाही हेही त्यांनी बजावलं. आधी न्यूट्रल दुरुस्त करायचा. जुना पाइप गच्च झालेला, वायर सरकेना, शेवटी भिंतीवरून केसिंग पट्टी मारून नवीन वायर नेली, नवरोबांना ती पट्टी अजून दिसायला आवडत नाही, असो. मग अंगणात नवीन अर्थिंग, आणि मेन बोर्डात आरसीसीबी. मी विचारलं, एमसीबी आहेत ना आधीच, हे आणखी कशाला? तर म्हणाले, "एमसीबी वायर वाचवते ताई, हे माणूस वाचवते." एमसीबी लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं तरच पडतो, आणि आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने परत आला का ते बघतो, 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की पाडतो. 30 मिलिअँपिअर म्हणजे सात वॅटचा बल्ब घेतो साधारण तेवढा करंट. म्हणजे जो करंट माणसाच्या जिवावर उठू शकतो तो बिलात दिसतही नाही, आणि मी तो बिलात शोधत बसलेले.

आरसीसीबी बसवला आणि लगेच पडला. वर केला, पडला. मला वाटलं डब्बा माल दिला दुकानदाराने. पण कूलरच्या पाण्याच्या मोटरचा टॉप, म्हणजे प्लग, काढला की टिकत होता. पंप बाहेर काढून बघितला तर वायरला जोड, त्यावर काळी टेप, आणि तो जोड पाण्यात. हा जोड मीच मारून घेतला होता दोन वर्षांपूर्वी गल्लीतल्या पोराकडून, पन्नास रुपयांत. नवीन पंप आणला, वायर अखंड ठेवली, तेव्हा कुठे आरसीसीबी शांत बसला. सगळा खर्च साडेनऊ हजार झाला.

आणि बिल? ते एका पैशाने कमी झालं नाही यामुळे.

त्यासाठी मग वही केली, रोज सकाळी सात आणि रात्री दहाला रीडिंग. रात्रीचेच आठ-नऊ युनिट जात होते. एसी 18 वर आणि पंखा बंद, कारण पोरगा म्हणतो लवकर थंड होतं. लवकर वगैरे काही होत नाही, 18 ठेवा की 24 ठेवा कॉम्प्रेसर सुरुवातीला जोरातच चालतो, फक्त 18 ला तो थांबायचं नाव घेत नाही. 26 आणि पंखा एकवर केलं, पहिल्या रात्री भांडण झालं, चौथ्या रात्री कोणी बोललं नाही. दुसरी चूक जास्त मजेशीर होती, हॉलमध्ये कूलर चालू आणि बेडरूमचं दार उघडं ठेवून एसी. कूलर हवेत ओल सोडणार आणि एसी बिचारा तीच ओल पाणी करून पाइपाने बाहेर टाकणार. आता दिवसा कूलर, खिडकी उघडी ठेवून आणि वाळ्याच्या नवीन ताट्या लावून, रात्री फक्त एसी. आमच्याकडची हवा कोरडी, कूलर मस्त चालतो इथे, मुंबईच्या नणंदेला हे सांगून उपयोग नाही.

पंख्याचं मी मनावर घेतलं नव्हतं. जुना पंखा 75 वॅट, चोवीस तास फिरला तर दिवसाला 1.8 युनिट, महिन्याला 54. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, साधारण 30 वॅटचा, महिन्याला 22 च्या आत. दोन बदलले. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला.

पुढचं बिल 348 युनिटचं. शेजारच्या काकू म्हणाल्या 300 च्या वर गेलं की सगळ्याच युनिटला महाग दर लागतो, तसं नसतं, वरच्या 48 युनिटलाच तो दर लागतो, बिलाच्या मागे बघा. अर्थात जून लागल्यावर पाऊसही आला होता, सगळं श्रेय वहीला देत नाही मी.

दर महिन्याच्या एक तारखेला आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबते, खट्‌कन घर बंद होतं आणि पोरगा आतून ओरडतो, "आई, वायफाय!" सासूबाई अजून चप्पल घालूनच कूलर भरतात. मी काही म्हणत नाही, फक्त पाइप हातात घ्यायच्या आधी टॉप काढायला लावते.