प्रश्न विचारायचा तर असा विचारा

मुंबईच्या नगरसेवकांनो, पालिकेच्या दवाखान्यात औषधं का नाहीत असं विचारलंत तर ‘खरेदीची प्रक्रिया सुरू आहे’ एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी एकच औषध धरा. समजा, मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम: साठा कोणत्या तारखेला संपला, मागणीपत्र कधी गेलं, पुरवठा आदेश कधी निघाला, मधल्या काळात स्थानिक खरेदी केली का? चार तारखा शेजारीशेजारी मांडल्या की फाईल नेमकी कुठे अडली ते दिसतं. मधुमेहाच्या पेशंटला महिनाभर गोळी चुकवणं परवडत नाही, म्हणून हा खटाटोप.

केईएम, सायन, नायर, कूपर ही रुग्णालयं पालिकेची. जेजे, कामा राज्य सरकारची. तिथला प्रश्न आमदारांकरवी विधिमंडळात न्यावा लागतो. रिक्षा-टॅक्सीच्या परवान्यांचंही तसंच, कारण आरटीओ राज्याच्या परिवहन विभागाखाली येतं.

बेस्टला मात्र थेट विचारा, ती बससेवा पालिकेचीच. ‘गाड्या वाढवा’ म्हणून भागत नाही. मार्ग, आगार आणि वेळ सांगून ठरलेल्या फेऱ्या किती, सुटल्या किती हे मागा. गाडी भाडेतत्त्वावरची असेल तर रद्द फेरीबद्दल कंत्राटदाराच्या बिलातून काय कापलं, हेही विचारा. उत्तर लेखीच घ्या, तारखेसकट.