टक्के नाही, इंच बघा : वसंतातलं लॉन आणि बेभरवशाचा पाऊस

न्यू जर्सीत एप्रिल लागला की दर शुक्रवारी घरोघरी एकच प्रश्न असतो : उद्या लॉनवर औषध-खत टाकायचं की नाही? फोनवर '६० टक्के, गडगडाटी पाऊस' असं दिसतं. निम्मे लोक पिशवी गॅरेजमध्येच ठेवतात, उरलेले घाईघाईने टाकून मोकळे होतात. दोघेही टक्के बघतात, इंच कोणी बघत नाही.

नॅशनल वेदर सर्व्हिसच्या (अमेरिकेचं सरकारी हवामान खातं) हिशेबात ६० टक्के म्हणजे त्या वेळात तुमच्या ठिकाणी किमान ०.०१ इंच पाऊस पडण्याची शक्यता. तेवढ्याने ड्राइव्हवे ओला होतो, मुळांना काही मिळत नाही. त्यांच्या साइटवर पावसाचा अंदाज इंचांतही मिळतो आणि हवामानतज्ज्ञांनी लिहिलेली चर्चाही वाचायला मिळते. ती चर्चा जरूर वाचा. मोठी फ्रंट (थंड-गरम हवेची सीमारेषा) येणार असेल तर पाऊस सगळीकडे पडतो. 'स्कॅटर्ड' (विखुरलेला) लिहिलं असेल तर तो आपल्या वळवासारखा : एका गल्लीत धो धो, पुढची गल्ली कोरडी. अशा पावसाच्या भरवशावर काहीही टाकू नये.

अंदाज चुकणारच आहे, तेव्हा कोणत्या बाजूला चुकला तर चालेल ते आधी ठरवा. पाऊस कमी पडला तर स्प्रिंकलर आहे. जास्त पडला तर वाहून गेलेलं परत आणता येत नाही. म्हणून पाव-अर्धा इंच संथ पावसाचा अंदाज असेल तर त्याच्या आदल्या दिवशी टाका. एक-दीड इंचाची वादळं येणार असतील तर ती जाऊ द्या.

क्रॅबग्रास हे लॉनमधलं तण उगवण्याआधीच अडवणारं औषध (प्रोडायमीन किंवा डायथायोपर) यात सगळ्यात नाजूक. वरच्या दोन इंचांत मातीचं तापमान काही दिवस सलग ५० ते ५५ फॅरेनहाइट राहिलं की ते टाकायची वेळ झाली. पिवळ्या फुलांचं फोर्सिथियाचं झुडूप फुललेलं असतं तेव्हाच साधारण ही वेळ येते. दाणे मातीवर पडले म्हणजे काम झालं असं नाही. सुमारे अर्धा इंच पाण्याने औषध दाण्यांतून सुटून वरच्या थरात उतरलं पाहिजे. किती दिवसांत, ते लेबलवर असतं. एकदा उतरलं की ते मातीला घट्ट धरून राहतं, नंतरच्या पावसाने सहजी हलत नाही. धोका त्याआधीचा : कोरडे दाणे वर पडलेले असताना जोराची सर आली तर उतारावरून ते थेट गटारात जातात. आणि ड्राइव्हवेच्या कडेची पट्टी रिकामी राहते, जिथे माती लवकर तापते आणि क्रॅबग्रास सगळ्यात आधी उगवतो.

अर्धा इंच म्हणजे किती वेळ? सरळ काठाचे चार-पाच रिकामे डबे लॉनवर ठेवा, स्प्रिंकलर १५ मिनिटं चालवा आणि पट्टीने पाणी मोजा. पाव इंच भरलं तर एकूण अर्धा तास लागेल. चिकणमाती असेल तर सलग पाणी देऊ नका. दहा-दहा मिनिटांचे हप्ते करा, मध्ये अर्धा-पाऊण तास मुरू द्या.

वसंतात खताची घाई मला पटत नाही. मुख्य खत सप्टेंबरचं. टाकायचंच तर हिशेब करून टाका. न्यू जर्सीच्या २०११ च्या कायद्यात घरमालकांना एका वेळी १००० चौरस फुटांना जास्तीत जास्त ०.९ पौंड नायट्रोजनची मर्यादा आहे. पिशवीवर २०-०-८ असेल (पहिला आकडा नायट्रोजनचा, २० टक्के) तर ०.९ भागिले ०.२०, म्हणजे साडेचार पौंड खत. ४००० चौरस फुटांना १८ पौंड. मोठ्या पावसाच्या तोंडावर खत टाकायला त्याच कायद्याने मनाई आहे. फुटपाथवर उडालेले दाणे झाडून पुन्हा गवतात टाका.

डॅन्डेलायन या पिवळ्या फुलांच्या तणाच्या औषधाचं गणित क्रॅबग्रासच्या बरोबर उलटं. ते पानांतून शोषलं जातं, म्हणून पान ओलं असताना किंवा पाऊस तोंडावर असताना द्रवरूप फवारणी वाया जाते. किती तास कोरडे हवेत ते लेबलवर बघा आणि त्यात थोडी भर घाला, कारण वादळं अंदाजापेक्षा लवकरही येतात. वारा असताना फवारू नका, शेजाऱ्याचे टोमॅटो मरतील. दाणेदार 'वीड अँड फीड'ला (तणनाशक आणि खत एकत्र) मात्र दवाने ओली पानं लागतात, नाहीतर दाणे चिकटतच नाहीत, आणि पुढचा एक दिवस पाऊस नको. क्रॅबग्रासच्या औषधाला पाणी हवं, याला नको. म्हणून दोन्ही कामं एकाच शनिवारी उरकायला जाऊ नका.

कापणी पावसाच्या आधी, पानं कोरडी असताना करा. तीन इंचांच्या खाली जाऊ नका आणि एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. पावसानंतर वाफसा येईपर्यंत मोवर बाहेर काढू नका. मूठभर माती दाबून बघा : गोळा होऊन बोटांना चिकटली तर थांबा, बोटाने ढकलल्यावर भुगा झाली तर चालेल. ओल्या चिकणमातीवर चाकं फिरली की माती घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही.

काम चालू असताना गडगडाट ऐकू आला तर स्प्रेडरचं (दाणे पसरवायची गाडी) झाकण बंद करून, पिशवी गुंडाळून घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. कुठपर्यंत टाकलं तिथे एखादी काठी खोचून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तीच पट्टी दोनदा होणार नाही.