आईची पापणी
संध्याकाळ झाली की आईची डावी पापणी खाली यायची. सकाळी मात्र ठणठणीत. आम्ही खुशाल मालिकांना दोष देत होतो! डॉक्टरांनी पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवला आणि ती चक्क वर गेली. निदान झालं मायस्थेनिया ग्रॅव्हिस, म्हणजे स्नायू लवकर थकवणारा आजार.

मला वाटायचं, मज्जातंतू स्नायूला थेट चिकटलेला असतो. छे! मध्ये सुमारे ५० नॅनोमीटरची फट असते. संदेश आला की तंतूच्या टोकात कॅल्शियम शिरतं, ॲसिटिलकोलीन हे निरोप नेणारं रसायन बाहेर पडतं, पलीकडे स्नायूवर तो निरोप झेलणाऱ्या ग्राहींना जाऊन चिकटतं, तेव्हा कुठे स्नायू हलतो. आईच्या प्रतिकारशक्तीने त्या ग्राहींवरच हल्ला चढवला होता.

पायरिडोस्टिग्मिनची गोळी ॲसिटिलकोलीन मोडणाऱ्या एन्झाइमला थोपवते, म्हणजे ते फटीत जास्त वेळ टिकतं, एवढंच. पण ती घेतल्यावर तासाभरात आई सुईत दोरा ओवते. तोही पहिल्याच फटक्यात, असं ती बजावून सांगते.