अंताल्यातली रद्द झालेली बोट

मी एका सहल कंपनीत व्यवस्थापक आहे. दिवाळीच्या सुटीतला एक गट घेऊन 2022 च्या नोव्हेंबरात मी तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील अंताल्या शहरात होतो. दुपारी अडीचची बोटफेरी बंदर प्रशासनाने वाऱ्यामुळे रद्द केली आणि पुढचे तीन तास रिकामे झाले. त्या तीन तासांत मी गटाला कुठे नेले, त्याबद्दल कार्यालयात किती वेळा उत्तर द्यावे लागले आणि त्या उत्तरांपैकी कोणते मला स्वतःला पटले, हे आता लिहून काढावेसे वाटते, कारण दुकानभेटीला किती वेळ द्यायचा आणि निसर्गाला किती, हा तसाच प्रश्न पुन्हा माझ्या टेबलावर आला आहे.

आमच्या कामाविषयी लोकांना वाटते की आम्ही स्थळे दाखवतो. वास्तविक आमचा निम्मा दिवस चालकाच्या तासांचा आणि प्रवाशांच्या स्वच्छतागृहांचा हिशेब ठेवण्यात जातो. तिथल्या बसचालकाला सगळे ‘कप्तान’ म्हणतात. त्याने साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबलेच पाहिजे, आणि एक दिवस संपून दुसरा सुरू होईपर्यंत त्याला साधारण अकरा तासांची विश्रांती मिळालीच पाहिजे. हे सर्व गाडीतल्या यंत्रावर नोंदले जाते आणि पोलीस रस्त्यात थांबवून ती नोंद तपासतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पामुक्कले या पर्यटनस्थळाकडे निघायचे होते, म्हणजे अंताल्यात रात्री नऊला गाडी उभी राहणे भाग होते. पुढचे सारे निर्णय या एका मर्यादेच्या आत घ्यायचे होते. दुसरा हिशेब याहून नाजूक असतो. आमच्या गटांतील वयस्कर स्त्रिया स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने दिवसभर पाणी पीत नाहीत, कोणाला तसे सांगतही नाहीत, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी एखादीला चक्कर येते. त्यामुळे पुढचे स्वच्छतागृह किती वाजता येणार हे मी रोज सकाळी बसमध्ये आधी सांगतो आणि कोणते स्मारक पाहायचे हे नंतर.

त्या दिवशीची सकाळ ठरल्याप्रमाणे पार पडली. इ.स. 130 मध्ये रोमन सम्राट हेड्रियन या शहरात आला, तेव्हा त्याच्या सन्मानार्थ उभारलेली तीन कमानींची वेस अजून उभी आहे. तिच्या खाली काचेची फरशी टाकून जुना रस्ता जपला आहे आणि त्या दगडांत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या दिसतात. तिथून कलेइची या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून आम्ही प्राचीन बंदरापर्यंत उतरलो. तिथे माहिती सांगते ती आमची गाईड. तुर्कस्तानच्या कायद्याप्रमाणे हे काम फक्त परवानाधारक गाईडने करायचे असते आणि आमच्यासारख्या परदेशी व्यवस्थापकाने स्वतंत्रपणे माहिती सांगितली तर तो कायद्याचा भंग ठरतो. ती इंग्रजीत बोलते आणि मी तिच्या शेजारी उभा राहून तेच मराठीत सांगतो. हा कायदा मला योग्य वाटतो. तिने अनेक वर्षे अभ्यास करून जे मिळवले आहे, ते मी हॉटेलच्या खोलीत रात्री वाचलेल्या माहितीच्या बळावर बाजूला सारू नये.

बंदरात पोहोचल्यावर बोट निघणार नसल्याचे कळले. नैऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला तिथे ‘लोदोस’ म्हणतात. कधी आकाश निरभ्र असते, ऊन असते, आणि तरीही समुद्र फुगलेला असतो. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला बोट का रद्द झाली ते पटत नाही. बोटफेरीचे पैसे प्रवाशांनी स्वतंत्रपणे युरोमध्ये भरले होते. ते संध्याकाळी परत मिळतील, असे मी जागेवरच सांगितले. या फेरीचे मुख्य आकर्षण म्हणजे शहराच्या पूर्वेला द्युदेन नदी सुमारे चाळीस मीटर उंचीच्या कड्यावरून थेट भूमध्य समुद्रात कोसळते, तो धबधबा समुद्रातून पाहणे. आमच्या गटात कराडच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवण्यात सारी नोकरी घालवली होती. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे मध्य तुर्कस्तानातल्या कप्पादोक्याच्या दऱ्यांत त्या उतरल्या नव्हत्या. “मी ताकद अंताल्यासाठी राखून ठेवली आहे,” असे त्यांनी मला दोनदा सांगितले होते. बोट रद्द झाल्याचे ऐकून त्यांनी तक्रार केली नाही. “मग ती नदी जमिनीवरून दिसेल का हो?” एवढेच त्यांनी विचारले.

त्याच वेळी स्थानिक एजन्सीच्या प्रतिनिधीचा फोन आला. बोट नाही तर गटाला आत्ताच चामड्याच्या कपड्यांच्या विक्रीदालनात घेऊन या, असे त्याचे म्हणणे होते. कार्यक्रमपत्रिकेत ती भेट संध्याकाळी होतीच. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील सहलींत अशी दालने ठरलेली असतात: आधी चहा, मग प्रशस्त सभागृहात जाकिटांचा फॅशन शो, मग प्रत्येक कुटुंबामागे एक विक्रेता. दालन एजन्सीला माणशी रक्कम देते, शिवाय विक्रीवर वेगळा हिस्सा, आणि त्या भरवशावर एजन्सी आमच्या कंपनीला हॉटेल व बस कमी दरात देते. दुपारी गेल्यास दोन तास सहज जातील, असे तो उत्साहाने सांगत होता. मी घड्याळ पाहिले. दालन आणि द्युदेन नदी या दोन्ही गोष्टी त्या तीन तासांत बसवायच्या तर नदीच्या वाट्याला वीस मिनिटे येत होती. मी त्याला सांगितले की आधी नदी, आणि वेळ उरला तर दालन.

मी बसमध्ये मतदान घेतले नाही. बसमधल्या मतदानात पुढच्या तीन रांगांतील मोठ्या आवाजाची माणसे जिंकतात आणि मागच्या रांगांतील लोक मान डोलावतात. ती सर्वांची इच्छा असते असे मी मानत नाही.

कड्याच्या माथ्यावरचे उद्यान सपाट आहे, वाटा फरसबंद आहेत, आणि बाजूच्या सज्जांवरून धबधबा पूर्ण दिसतो. लोदोसमुळे त्या दिवशी तो पूर्ण खाली पडतच नव्हता. कड्याच्या ओठावरून सुटलेले पाणी वारा पुन्हा वर ढकलत होता आणि आमच्या अंगावर तुषार येत होते. गटातल्या कोल्हापूरच्या कुटुंबाला लगेच आंबोलीजवळचा कावळेसाद आठवला, जिथे पावसाळ्यात दरीतला वारा धबधब्याचे पाणी उलटे वर फेकतो. फरक एवढाच की इथे खाली दरी नव्हती, खवळलेला निळा समुद्र होता. बोटीतून हे दृश्य आम्हाला मिळाले नसते, आणि शांत दिवशी तर मुळीच मिळाले नसते.

शिक्षिकाबाईंचे लक्ष मात्र पाण्यापेक्षा कड्याकडे होते. दगडाला छिद्रे आहेत, त्यात पानांचे ठसे आहेत, हा बेसाल्ट नव्हे, असे त्या शेजारच्या काकूंना सांगू लागल्या आणि हळूहळू त्यांच्याभोवती दहाबारा माणसे जमली. पावसाचे आम्लयुक्त पाणी चुनखडी विरघळवते, जमिनीत विलयविवरे म्हणजे खोल खळगे तयार होतात, नद्या त्यांत शिरून भूमिगत होतात आणि पुढे कुठेतरी झऱ्यासारख्या बाहेर येतात, आणि विरघळलेला चुना पुन्हा साचून असा सच्छिद्र दगड बनतो. उद्या पामुक्कलेला आपण पाहणार आहोत तोही असाच साचलेला चुना आहे, असे त्यांनी सांगितले. “मुलांना मी हे फळ्यावर काढून दाखवत असे. आपल्याकडे कृष्णा-कोयना अशा गुप्त होत नाहीत, त्यामुळे त्यांना ते पटवणे फार अवघड जायचे,” असे त्या म्हणाल्या.

गाईडने मला विचारले की त्या काय सांगत आहेत. मी इंग्रजीत सांगितले, आणि त्यानंतरचा अर्धा तास माझ्या नोकरीतल्या सर्वांत आनंदाच्या वेळेपैकी आहे. नेहमी एकाच दिशेने चालणारे माझे भाषांतर त्या दिवशी दोन्ही दिशांनी चालले. बाईंना तत्त्व ठाऊक होते. गाईडला जागा ठाऊक होत्या. शहराच्या वायव्येला तोरोस पर्वताच्या पायथ्याशी किर्कगोझ नावाचे झरे आहेत, तिथले पाणी बियिक्ली येथील विवरात शिरते, सुमारे चौदा किलोमीटर जमिनीखालून वाहून वारसाकजवळ उघड्यावर येते, लगेच पुन्हा गडप होते आणि सुमारे दोन किलोमीटरनंतर द्युदेनबाशी येथे जोराने बाहेर पडते. तीच नदी शहरातून वाहत येऊन इथे समुद्रात कोसळते. हे मी यापूर्वीच्या गटांनाही सांगितले होते, पण दोन वाक्यांत, बस चालू असताना. त्यावर कोणी प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही. त्या दिवशी प्रश्न थांबत नव्हते. एका काकांनी विचारले की विवरात शिरलेले पाणी तेच बाहेर आले हे कसे कळते. बाईंनी रंग मिसळून माग काढण्याची पद्धत समजावली आणि ती मी गाईडसाठी इंग्रजीत उलगडली.

“जिथे ती बाहेर येते ती जागा इथून लांब आहे का?” बाईंनी विचारले. ती जागा लांब नव्हती, पण तिथे पायऱ्या होत्या, आणि त्या ओल्या असतात. तिथल्या धबधब्याच्या मागे असलेल्या गुहेत त्या पायऱ्यांनीच उतरावे लागते. प्रवासविमा सहसा जुन्या आजारांची जबाबदारी घेत नाही, आणि परदेशात मांडीचे हाड मोडले तर काय काय करावे लागते हे मी पाहिलेले आहे. मी त्यांना पायऱ्यांविषयी काही न लपवता सांगितले. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, “तुम्ही आणि या गाईडताई दोन्ही बाजूंना असाल तर मी उतरेन. घाई करू नका म्हणजे झाले.” उतरायला आणि चढायला मिळून पाऊण तास लागला. गुहेच्या छतावरचे लवणस्तंभ पाहताना त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी ओल्या भिंतीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

त्या पाऊण तासात दालनाची वेळ निघून गेली. गटात नाशिकचे एक तरुण जोडपे होते. त्यांनी जाकिटांसाठी वर्षभर पैसे बाजूला ठेवले होते, घरच्यांची मापे लिहून आणली होती. ते माझ्याशी सभ्यपणे बोलले, पण त्यांचा राग खरा होता. “कार्यक्रमात छापलेले आहे, सर. आम्ही ते वाचूनच ही सहल निवडली.” रात्री मी एजन्सीला विचारून पाहिले, दालन त्यांच्यासाठी गाडी पाठवायला तयार नव्हते, दोन ग्राहकांसाठी तिथले दिवे कोणी लावत नाही. सकाळी आठला आम्ही निघालो.

शेवटच्या दिवशी भरून घेतलेल्या अभिप्रायांत बऱ्याच जणांनी अंताल्याचा दिवस सर्वोत्तम म्हटला. नाशिकच्या जोडप्याने परतावा मागितला. एजन्सीने कमी पडलेल्या माणशी रकमेची वसुली आमच्या कंपनीच्या हिशेबात लावली. कार्यालयात मला विचारण्यात आले की छापील कार्यक्रम बदलण्याचा अधिकार मला कोणी दिला. मी म्हणालो की छापील कार्यक्रमात द्युदेन धबधबाही होता, आणि तो वीस मिनिटांत ‘दाखवला’ असता तर कोणी स्पष्टीकरण मागितले नसते. हे उत्तर बरोबर होते आणि आजही मी त्यावर ठाम आहे. सहल विकणाऱ्या कार्यालयात ‘दाखवणे’ म्हणजे गाडी तिथे थांबणे, एवढाच अर्थ उरला आहे याची मला खंत वाटते.

पण हिशेब पाहणाऱ्या वरिष्ठांनी त्यानंतर जे सांगितले, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. दालनाची भेट वगळून सहल काढली तर प्रत्येक आसनाची किंमत वाढते, आणि ती वाढली की पहिल्यांदा गळतात ती निवृत्तिवेतनावर जगणारी माणसे. “तुमच्या त्या बाई जाकीट घेणाऱ्यांच्या पैशावर तिथे पोहोचल्या,” असे ते म्हणाले. बाईंनी मला प्रवासात सांगितले होते की पुढच्या वर्षी दर वाढेल म्हणून त्यांनी यंदाच पैसे भरले. म्हणजे जी भेट त्यांचा वेळ खाणार होती, तिनेच त्यांचे तिकीट त्यांच्या आवाक्यात आणले होते. दालनाला शिव्या देणे सोपे आहे आणि आमच्या व्यवसायातले अनेक जण खासगीत तेच करतात. मला ते आता जमत नाही. नाशिकच्या जोडप्याचे काही चुकले असेही मी म्हणू शकत नाही.

मे 2025 मध्ये तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यानंतर अनेक भारतीय कंपन्यांनी तिथल्या सहली विकणे थांबवले. आमच्या कंपनीनेही थांबवले. अंताल्याची कार्यक्रमपत्रिका त्यामुळे बंद झाली, पण तिचा साचा मोडला नाही. जॉर्जियातल्या बातुमी या काळ्या समुद्रावरच्या शहरासाठी केलेला नवा मसुदा माझ्याकडे तपासायला आला आहे. त्यात दुकानभेटीला दीड तास आणि समुद्रकिनाऱ्याला चाळीस मिनिटे आहेत. मी तो शेरा लिहून परत पाठवला: दुकानभेट ऐच्छिक ठेवावी, तिच्याविना आसनाची किंमत किती वाढते तो आकडा पत्रिकेवर उघडपणे छापावा, आणि किनाऱ्यावरची दुपार मोकळी सोडावी. किंमत किती वाढेल याचा हिशेब मी हिशेब विभागाकडून मागवला आहे. तो अजून आलेला नाही.